आवाजाने पाहिलेला मेंदू

आपल्यातल्या मेकॅनिकलवाल्यांनी अल्ट्रासॉनिक टेस्टिंग हा टॉपिक सबमिशनच्या आदल्या रात्री का होईना, पण नक्की लिहिला असेल. वेल्डिंगच्या आत तडा गेलाय का, कास्टिंगमध्ये पोकळी राहिलीय का, हे जॉब न तोडता शोधायचे. प्रोब ठेवायचा, आवाज आत सोडायचा, प्रतिध्वनीची वाट पाहायची. पण आई होणारी प्रत्येक बाई दवाखान्यात ज्या टेबलवर झोपते, त्याच्या शेजारी ठेवलेलं मशीन याच कुटुंबातलं आहे, हे किती जणांना माहीत आहे?

गोष्ट १९५५ सालची. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते, त्यामुळे रडार वगैरे प्रकार त्यांना ओळखीचे. जवळच्या रेनफ्रूमधल्या एका बॉयलरच्या कारखान्यात ते ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी घेऊन गेले आणि धातूतले दोष शोधणाऱ्या मशीनवर त्या तपासून पाहिल्या. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे येतात हे त्यांच्या लक्षात आले. पुढे टॉम ब्राउन नावाचा विशीतला एक इंजिनियर त्यांना येऊन मिळाला आणि जून १९५८ मध्ये डोनाल्ड, मॅकव्हिकार आणि ब्राउन या तिघांचा पेपर 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. तिघांपैकी एक इंजिनियर! तेव्हा "हा डॉक्टर लोकांचा विषय, आपल्याला काय त्याचे" असे म्हणून पान उलटू नका. विषय अर्धा आपलाच आहे.

आणि दुसरे कारण असे, की आपल्या जिल्ह्यात सोनोग्राफी हा शब्द काढला की लोकांच्या डोक्यात एकच प्रश्न येतो, मुलगा की मुलगी? खरे तर त्या पडद्यावर बघण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट असते बाळाचा मेंदू. त्याच्याबद्दल घरात कोणी काही विचारत नाही. आणि रिपोर्टमध्ये त्याच्याबद्दल काही लिहून आले, की मात्र सगळे घर हादरून जाते. म्हणून हा लेख.

मशीन बघते कसे?

प्रोबमध्ये पिझोइलेक्ट्रिक क्रिस्टल्स असतात. व्होल्टेज दिले की ते थरथरतात, आणि त्यांच्यावर आवाज आदळला की उलट व्होल्टेज देतात. म्हणजे स्पीकर आणि माइक एकाच डबीत. पोटावरून करायच्या तपासणीला साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा आवाज वापरतात. आपल्याला ऐकू येतो तो फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत. शरीरातल्या मऊ भागात आवाजाचा वेग सेकंदाला सरासरी १५४० मीटर धरतात. आता गणित सोपे आहे. १० सेंटिमीटर खोलवरून प्रतिध्वनी यायचा तर जाऊन-येऊन २० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १३० मायक्रोसेकंद. जेवढा उशीर तेवढी खोली जास्त, आणि जेवढा प्रतिध्वनी जोरात तेवढा ठिपका पांढरा. पाणी प्रतिध्वनी देत नाही म्हणून काळे दिसते. हाड जोरात देते म्हणून पांढरे शुभ्र.

पण फुकट काहीच मिळत नाही. साडेतीन मेगाहर्ट्झला तरंगलांबी येते सुमारे ०.४४ मिलिमीटर. याहून बारीक बघायचे तर फ्रिक्वेन्सी वाढवावी लागते. आणि ती वाढवली की आवाज आत पोहोचायच्या आधीच विरतो. मऊ भागात दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल असा हिशोब धरतात. ५ मेगाहर्ट्झ आणि जाऊन-येऊन २० सेंटिमीटर म्हणजे ५० डेसिबल गेले! ताकद एक लाखांश उरली. तेवढ्या क्षीण सिग्नलमधून मशीन चित्र उभे करते. त्यात आईच्या पोटावर चरबी जास्त, बाळ उलटे-सुलटे, गर्भजल कमी, आणि वरून बाळाच्या कवटीचे हाड. प्रोबच्या बाजूचा मेंदूचा अर्धा भाग तर हाडाच्या गोंगाटामुळे नेहमीच धुरकट दिसतो, पलीकडचा अर्धा जास्त स्वच्छ दिसतो.

हे सगळे एवढ्यासाठी सांगितले, की पडद्यावर दिसते तो फोटो नसतो. तो प्रतिध्वनींवरून बांधलेला अंदाज असतो. अंदाज चांगला असतो, पण तो आपल्या व्हर्नियर कॅलिपरसारखाच असतो. त्याला लीस्ट काउंट असतो, आणि धरणाऱ्याचा हातही असतो.

कधी बघतात, काय बघतात?

पहिली महत्त्वाची तपासणी ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान होते. मेंदूवरची कवटीच तयार झाली नाही असा गंभीर दोष तेव्हाच बहुधा कळतो. दुसरी, जिला अॅनॉमली स्कॅन म्हणतात, ती साधारण १८ ते २० आठवड्यांत, म्हणजे पाचव्या महिन्यात. तेव्हा बाळाचे डोके एका कानापासून दुसऱ्या कानाकडे असे आडवे मोजले तर जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर भरते. मोठ्या लिंबाएवढे समजा! त्यात डॉक्टर तीन ठरलेल्या पातळ्यांवर आडवे छेद बघतात. ड्रॉइंगमध्ये आपण सेक्शनल व्ह्यू काढतो ना, तसेच.

या छेदांमध्ये डोक्याची रुंदी आणि घेर मोजतात. मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात, त्यांची रुंदी मोजतात. मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. त्याची एक गंमत आहे, या काळात त्याची रुंदी मिलिमीटरमध्ये जवळजवळ तितकीच भरते जितके आठवडे झालेले असतात. विसाव्या आठवड्यात साधारण २० मिलिमीटर. त्याच्या मागची पाण्याची जागा २ ते १० मिलिमीटर असावी लागते. आणि पुढे मधोमध एक छोटी चौकट दिसावी लागते. ती दिसली की मेंदूचे दोन अर्धे जोडणारा मोठा पूल बहुधा नीट बांधला जात आहे, असा अंदाज येतो.

रिपोर्टमधले घाबरवणारे शब्द

सगळे 'दोष' एका मापाचे नसतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. मी त्यांचे तीन गट करते.

पहिला गट, ज्यात शंकेला जागा नाही. कवटी आणि मोठा मेंदू तयारच न होणे, ज्याला अॅनेनसेफली म्हणतात, त्यात बाळ जगू शकत नाही. पाठीचा कणा उघडा राहणे, म्हणजे स्पायना बायफिडा, हाही गंभीर दोष आहे, पण त्याच्या पायऱ्या आहेत. काही मुले चालतात, काहींना आयुष्यभर आधार लागतो. यात डॉक्टरांना पुष्कळदा कण्याच्या आधी डोक्यातच खूण दिसते. कवटी पुढून लिंबासारखी टोकदार आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकडा. पुस्तकात खरोखरच त्यांची नावे लेमन साइन आणि बनाना साइन अशीच आहेत!

दुसरा गट, ज्याचा नुसता आवाज मोठा. कोरॉइड प्लेक्सस सिस्ट हे त्याचे उदाहरण. मेंदूतले पाणी तयार करणाऱ्या भागात छोटे फुगे दिसतात. शंभरात एक-दोन बाळांमध्ये ते दिसतात आणि सातव्या महिन्याच्या आसपास बहुतेक आपोआप नाहीसे होतात. बाकी सगळे अवयव नीट असतील तर त्याने बाळाच्या बुद्धीला काही होत नाही. दुसरेही काही दोष सोबत असतील तर मात्र क्रोमोसोमची तपासणी करावी लागते. पण घरच्यांना 'मेंदूत सिस्ट' एवढेच ऐकू येते, आणि पुढचे तीन महिने त्या घरात कोणाला झोप नसते.

तिसरा गट सगळ्यात अवघड. यात उत्तर 'हो' किंवा 'नाही' नसते, टक्केवारीत असते. पोकळ्यांची रुंदी, म्हणजे व्हेंट्रिक्युलोमेगॅली, ही या गटातली.

माझ्या मावसभावाच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनीचा, असा रिपोर्ट आला होता. श्रीगोंदा तालुक्यातले घर. सोनोग्राफी केलेल्या ठिकाणी गर्दी खूप, तिथे कोणी काही समजावून सांगितले नाही, कागद हातात दिला आणि "पुढच्या महिन्यात परत या" म्हणाले. घरात इंग्रजी माध्यमात शिकलेली मी एकटी, म्हणून मावशीने कागद माझ्याकडे दिला. "वाच गं, तू कॉन्व्हेंटची ना?" कागदावर लिहिले होते माइल्ड व्हेंट्रिक्युलोमेगॅली, ११ मिलिमीटर. इंग्रजी वाचता आले म्हणून अर्थ कळतोच असे नाही. तोपर्यंत भावकीत बातमी पोहोचली होती, "डोक्यात पाणी झालंय." एका काकूंनी तर सांगूनही टाकले, "आत्ताच मोकळं करून घ्या, नंतर जन्मभराचं व्हायचं." वहिनी कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिला कोणीच काही विचारले नाही.

आता ते ११ मिलिमीटर म्हणजे काय ते बघू.

दहाची रेषा

सर्वसाधारण बाळांमध्ये ही पोकळी साधारण ७-८ मिलिमीटर रुंद असते. १० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ठीक मानतात. १० ते १२ म्हणजे सौम्य, १३ ते १५ मध्यम, आणि १५ च्या पुढे तीव्र. पण ही १० ची रेषा निसर्गाने आखलेली नाही, ती माणसांनी आखली आहे. पुष्कळ बाळांची मापे घेऊन, सरासरीपासून पुरेसे लांब कुठे जायचे ते ठरवून. आपल्याकडे शाफ्टच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहितो ना, तसेच हे. टॉलरन्सच्या बाहेर गेला म्हणजे शाफ्ट मोडलाच असे नाही, तो पुन्हा तपासायचा एवढाच अर्थ. आणि ज्या चित्रात एक तरंगच अर्ध्या मिलिमीटरचा, कर्सर ठेवणारा हात माणसाचा, त्यात ९.८ आणि १०.३ मध्ये आभाळ-जमिनीचा फरक कसा असेल?

इथे सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे आयसोलेटेड, म्हणजे एकटा. पोकळी थोडी रुंद आहे पण बाकी मेंदू, पाठीचा कणा, हृदय सगळे नीट, क्रोमोसोम नीट, आईला संसर्ग नाही, असे असेल तर सौम्य गटातल्या १०० पैकी ९० हून जास्त मुलांची वाढ नेहमीसारखी होते. मध्यम गटात हा आकडा खाली येतो, आणि १५ च्या पुढे काळजी खरीच मोठी असते. म्हणून पुढची पायरी 'मोकळं करणे' नसून 'नीट तपासणे' ही असते. अनुभवी तज्ज्ञाकडून पुन्हा सविस्तर सोनोग्राफी, आईच्या रक्तात सीएमव्ही आणि टॉक्सोप्लाझ्मा यांसारख्या संसर्गांची तपासणी, गरज वाटली तर गर्भजलातून क्रोमोसोमची तपासणी आणि एमआरआय, आणि काही आठवड्यांनी पुन्हा माप. पोकळी तेवढीच राहते, कमी होते की वाढते, हे एका मापापेक्षा जास्त सांगते. कंट्रोल सिस्टिमवाल्यांना हे सांगायलाच नको. एका क्षणाची व्हॅल्यू आणि तिचा ट्रेंड या वेगळ्या गोष्टी आहेत.

वहिनीला शहरातल्या एका डॉक्टरांनी अर्धा तास बसवून हेच सगळे समजावले, आणि तेही मराठीत. त्यांनी पहिला प्रश्न वहिनीला विचारला, काकूंना नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यात माप ९ आले. आज ते पोर अंगणात कोंबड्यांच्या मागे पळते. पण मित्रांनो, यावरून "काही होत नाही" असा निष्कर्ष काढू नका. ९० म्हणजे १०० नव्हे. उरलेल्या दहांत कोणाचे तरी घर असतेच, आणि त्यांनाही तोच अर्धा तास मिळायला हवा.

जे पडद्यावर दिसतच नाही

आपल्याकडे म्हणतात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. पाळण्यात दिसत असतील, पण पोटात नाही! पाचव्या महिन्यात मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. अक्रोडासारख्या घड्या नंतर पडत जातात, त्यामुळे घड्यांचे दोष तेव्हा दिसूच शकत नाहीत. शिवाय सोनोग्राफी रचना दाखवते, काम दाखवत नाही. बोर्डवर सगळे आयसी जागेवर आहेत हे दिसते, प्रोग्राम कसा चालेल ते नाही. ऑटिझम सोनोग्राफीत दिसत नाही. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला, बाळ फार लवकर जन्मले, कावीळ फार वाढली, तर नॉर्मल रिपोर्टच्या बाळालाही त्रास होऊ शकतो. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट ही गॅरंटी नाही आणि अॅबनॉर्मल रिपोर्ट ही शिक्षा नाही.

खरे बांधकाम तर जन्मानंतर जोरात चालते. जन्मताना बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला २ सेंटिमीटरने वाढतो, पुढचे तीन महिने १ ने, आणि मग सहा महिने अर्ध्या-अर्ध्याने. बेरीज करा, पहिल्या वर्षात १२ सेंटिमीटर. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के होतो. आणि हे सगळे मोजायला लागते काय, तर शिंप्याकडची टेप! ज्या बाळाच्या पोकळ्या पोटात असताना रुंद दिसल्या, त्याच्यासाठी तर ही टेप म्हणजे सगळ्यात स्वस्त मॉनिटर आहे. घेर अपेक्षेपेक्षा भराभर वाढला तर पाणी साठतेय अशी शंका घ्यायची, वाढ थांबली तरी डॉक्टरांना गाठायचे.

बाकीचा चार्ट आपल्या आज्यांना तोंडपाठ असतो. दुसऱ्या महिन्यात ओळखीचे हसू, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरणे, मग पालथे पडणे, सहा ते आठ महिन्यांत आधाराशिवाय बसणे, वर्षाच्या आसपास पहिला शब्द, बारा ते पंधरा महिन्यांत चालणे, दोन वर्षांत दोन शब्दांचे वाक्य. थोडे मागे-पुढे चालते. पण दीड वर्षाचे मूल चालतच नसेल, किंवा आलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर "आमच्याकडे सगळे उशिराच चालतात" म्हणून बसून राहू नये. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून जे माता-बाल संरक्षण कार्ड मिळते, त्यातही हे टप्पे चित्रांसकट दिलेले आहेत. आपण त्यातले लसीकरणाचे पान तेवढे बघतो.

वेळेवर कळले तर उपयोग होतो का? होतो. जमैकामधल्या किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकात कुपोषणाने खुरटलेल्या १२९ लहान मुलांवर एक प्रयोग झाला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर जायची आणि घरी बनवलेल्या साध्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे ते आईला दाखवायची. असे दोन वर्षे. बाकी काही महाग नाही. वीस वर्षांनी बघितले तर ही मुले मोठी होऊन, तसे खेळणे न मिळालेल्या मुलांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त कमवत होती! हे निष्कर्ष २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये आले.

आपल्या शेजारच्या पुण्यात, केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९ या काळातली दोन किलोपेक्षा कमी वजनाची बाळे निवडली आणि त्यांचा तब्बल १८ वर्षे पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक बरोबरीच्या मुलांपेक्षा थोडा कमी भरला, पण तो सर्वसाधारण मर्यादेतच होता. म्हणजे सुरुवात अवघड झाली तरी गाडी रुळावर येऊ शकते, फक्त कोणीतरी लक्ष ठेवायला हवे. हेच लक्ष सरकारी पातळीवर ठेवायला फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातल्या पालघरमधून झाली. डॉक्टरांची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर बघतात. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर लवकर हस्तक्षेप केंद्रांची सोय त्यात आहे. 'डॉक्टरांची गाडी आली' म्हणून मुलाला लपवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांना हे सांगायला हवे.

सोनोग्राफीच्या आधीच

मेंदू आणि कणा ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते. २८ दिवस! म्हणजे बहुतेक बायकांना आपल्याला दिवस गेलेत हे नीट कळते न कळते तोवर हे काम संपलेलेसुद्धा असते. म्हणून फॉलिक अॅसिडची गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते, रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर डोस डॉक्टर वाढवून देतात. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात, अशा मातांनी आधीपासून फॉलिक अॅसिड घेतल्यावर दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. गोळी अगदी स्वस्त आहे. महाग पडते ते न सांगणे.

आणि नुसते फॉलिक अॅसिड पुरत नाही. पुण्याच्याच केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यात असंख्य मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी सापडले. ज्यांच्या आईला गरोदरपणी बी-१२ फारच कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी लक्ष आणि स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांत मागे पडली. बी-१२ मिळते दूध, अंडी, मांस, मासे यांतून. घरातले दूध आधी डेअरीला, मग पुरुषांना, मग मुलांना, आणि सुनेच्या वाट्याला कोरा चहा. हा हिशोब बदलला तर ते कोणत्याही मशीनपेक्षा मोठे काम होईल.

कायदा आणि कोयता

प्रोबला फक्त प्रतिध्वनी कळतो. त्याचा वापर कशासाठी करायचा हे माणूस ठरवतो, आणि तिथे आपला जिल्हा मान वर करून बोलू शकत नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्याकडे (तेव्हाचे अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर) सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे ८८४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५२ झाल्या. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा १९८८ मध्येच केला, देशाचा कायदा १९९४ चा. दवाखान्यात लावलेला तो बोर्ड आणि प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीला भरावा लागणारा एफ फॉर्म त्यातूनच आले. जे मशीन मेंदूतला दोष शोधून बाळाला वाचवू शकते, तेच मशीन काही जणांनी निरोगी मेंदूच्या मुलींना नाकारण्यासाठी वापरले. आपण टेक्नॉलॉजी शिकणारी मुले आहोत, म्हणून ही गोष्ट आपल्याला जास्त लागायला हवी.

दुसरा कायदा गर्भपाताचा. १९७१ च्या कायद्यात मर्यादा २० आठवड्यांची होती. पण मेंदू नीट दिसतो तोच मुळी १८ ते २० आठवड्यांत! रिपोर्ट येईपर्यंत मुदत संपायची. २००८ मध्ये मुंबईचे एक दांपत्य बाळाच्या हृदयातल्या दोषासाठी डॉ. निखिल दातार यांच्यासोबत मुंबई उच्च न्यायालयात गेले, त्यांना परवानगी मिळाली नाही. जानेवारी २०१७ मध्ये मुंबईतल्याच एका तरुणीला, बाळाची कवटी तयार झालेली नसल्याने, सर्वोच्च न्यायालयाने २४ व्या आठवड्यात परवानगी दिली. पण त्याच वर्षी मार्चमध्ये, २७ व्या आठवड्यातल्या दुसऱ्या एका स्त्रीला लहान मेंदूच्या आणि कण्याच्या दोषासाठी ती नाकारली, कारण बाळ जिवंत जन्मू शकते असे वैद्यकीय मंडळाचे मत होते. अखेर २०२१ मध्ये कायदा बदलला. आता काही ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत, आणि बाळात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर त्यानंतरही परवानगी मिळू शकते. निर्णय सोपा झाला असे नाही. फक्त घाईघाईने, भीतीने घ्यायची सक्ती थोडी कमी झाली.

पण कायदा आणि मशीन दोन्ही असूनही तारीख चुकली तर? आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेत कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून, शेजारच्या बीडमधून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून मार्च-एप्रिलपर्यंत फडात. जिची शेवटची पाळी ऑगस्टच्या मध्यावर आली, तिचे १८ ते २० आठवडे येतात डिसेंबर अखेरीस. ती तेव्हा पाचटात असते, गावातली आशाताई तिच्या मूळ गावी. तिच्या बाळाचा मेंदू बघायची वेळ कोणाच्याही कॅलेंडरमध्ये नसते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते, २०१६ पासून. पण ९ तारखेला फड सोडायचा तर त्या दिवसाच्या मजुरीचे काय, हा प्रश्न कोणत्याही प्रोबने सुटत नाही.

याच जिल्ह्यातल्या जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा त्यांच्याकडे असली मशीन्स नव्हती. त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. १९७९ मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचे मर्म एवढेच होते, की माहिती जिला लागते तिच्यापर्यंत, तिच्या भाषेत, वेळेवर पोहोचली पाहिजे.

तेच आपल्यालाही जमण्यासारखे आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी तोच लाइन फॉलोअर रोबो करण्यापेक्षा, ऊसतोडीच्या अड्ड्यावर गरोदर बाईची तपासणीची तारीख मुकादमाच्या मोबाइलवर मराठीत आठवून देणारी साधी सिस्टिम कोणी केली, तर एक्स्टर्नलसुद्धा खूश होतील! आणि प्रोजेक्ट नाही जमला तरी सुट्टीत घरी गेल्यावर तीन गोष्टी करू शकतो. नव्याने लग्न झालेल्या ताईला-वहिनीला फॉलिक अॅसिडबद्दल सांगायचे. लाज वाटत असेल तर हा अंक उघडा ठेवून जायचा. कोणाच्या रिपोर्टमध्ये मेंदूबद्दल काही आले तर "एकटाच दोष आहे का, अजून काही आहे, आणि पुन्हा माप कधी घ्यायचे?" हे तीन प्रश्न तिच्या हातात लिहून द्यायचे. आणि मेसमधले आपले काका, वॉचमनदादा, सफाईवाल्या मावशी यांच्याकडे सहा महिन्यांचे बाळ असेल तर विचारायचे, "बसायला लागलं का हो?"

उत्तर "नाही" आले, तर तिथे थांबायचे नाही.